सूत उवाच

भिवंडीत सूत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'किती नंबरचं?' ६० नंबरचं म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ६० लड्या. नंबर चढत गेला की धागा बारीक होतो.

आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७मध्ये आली. माझ्या हाती लागली तेव्हा पुठ्ठा निखळला होता आणि पानोपानी मागांची खडखड साथीला होती. कर्णाला जो तो सूतपुत्र म्हणून हिणवतो, हे वाचून मला वाटलं, बापाचा सुताचा धंदा असणार. त्यात हिणवण्यासारखं काय? त्या हिशेबाने आमची निम्मी गल्ली सूतपुत्रांची, आणि ज्याचे माग जास्त त्याचा तोरा जास्त. त्यात पलीकडून कुणी 'बीम चढवला का?' असं ओरडलं की मला भीमच ऐकू यायचा.

पुढे उलगडा झाला. आपलं ते सूत 'सूत्रा'चं झिजून झालेलं. कर्णाचा बाप अधिरथ होता तो सूत निराळा: सारथी, शिवाय राजांच्या कुळकथा सांगणारा. पुराणात 'सूत उवाच' म्हणत तोच तोंड उघडतो, आणि निवडणुकीआधी पुढारी जे सूतोवाच करतात ते त्याच्याकडूनच आलेलं. मी मात्र बरीच वर्षं सूतोवाच म्हणजे गुंत्याचं टोक सोडवणं समजत होतो. (पुढाऱ्यांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, ही गोष्ट वेगळी.)

असंच एक जुळं परमुलखात भेटलं: मॉयरा. आयर्लंडकडे हे मुलीचं नाव, मेरीच्या आयरिश रूपावरून आलेलं. ग्रीकांची मॉयरा म्हणजे वाट्याला आलेलं, नशीब. त्यांच्या गोष्टीत नशिबाच्या तीन बहिणी: क्लोथो आयुष्याचं सूत कातते, लॅकेसिस मोजते, ॲट्रोपॉस कापते. म्हणजे फिरून सूतच!

शेजारच्या कारागिराला मोठ्या हौसेने हे ऐकवलं. धागा तुटला म्हणून त्याने माग थांबवला होता. दोन टोकं चिमटीत धरून, न बघताच त्याने गाठ मारली, उरलेलं शेपूट तोडलं. मग कांडी बदलता बदलता विचारलं, "आणि जोडायला कोण असते त्यांच्यात?"

मी नावं पुन्हा मोजली. तिघीच भरत होत्या. तोवर धोटा पळायला लागला होता.