पहिली मॅच देवाला, दुसरी कुणाला?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की सोलापुरात दोन आकडे घसरायला लागतात. एक उजनी धरणाचा आणि दुसरा मुंबई इंडियन्सचा. उजनीचा आकडा पहिल्या पानावर चौकटीत छापतात, मुंबईचा खेळाच्या पानावर तक्त्यात. मधली पानं कुणी उघडत नाही. हे सदर नेमकं तिथंच का असतं, याचा खुलासा संपादकांनी अजून केलेला नाही.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. नेमके कुणाचे मामा हे आता कुणालाच आठवत नाही, पण आयपीएल सुरू झाली की सगळी गल्ली त्यांची भाचरं होते. मामा मुंबईचे. म्हणजे जन्म साखर पेठेतला. मुंबई त्यांनी पाहिली ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरून आणि रात्री त्याच गाडीनं परत फिरून. सोलापूरहून हैदराबाद तीनेकशे किलोमीटर, मुंबई चारशेच्या घरात. जवळचा संघ सोडून लांबचा धरायचा, यालाच मामा निष्ठा म्हणतात.

निष्ठेची पहिली परीक्षा पहिल्याच सामन्याला होते. 2013 पासून 2025 पर्यंत सलग तेरा हंगाम मुंबई आपला पहिला सामना हरली. दुसरा कुठला माणूस असता तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी संघ बदलून मोकळा झाला असता. मामांनी मात्र या पराभवाला धर्मकार्याचा दर्जा दिला. ‘पहिली मॅच देवाला’ असं म्हणून ते कपाळाला हात लावतात. तो नमस्कार असतो की वैताग, हे विचारायची सोय नाही. आता हा देव कोणता? आमच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. मॅच मागितल्याची आख्यायिका काही माझ्या ऐकण्यात नाही. पण देवाला सोडलेलं वाया जात नाही म्हणावं, तर त्याच तेरा वर्षांत मुंबईनं पाच कप नेले. 2015 मध्ये तर पहिल्या चार मॅच देवाला देऊन कप घरी आणला. तेव्हापासून मामा हरण्याकडे गुंतवणूक म्हणून बघतात. 2022 मध्ये पहिले आठ सामने ओळीनं गेले, तेव्हा आठव्या रात्री कुणीतरी विचारलं, “मामा, देव एकच हाय का तेहतीस कोटी?” त्या पोराशी मामा अजून बोलत नाहीत.

पहिली देवाला गेली, ठीक. दुसरी गेली की मात्र कर्णधार बदलायची वेळ येते. 2024 मध्ये पाच कप जिंकून देणाऱ्या रोहितला बाजूला करून हार्दिककडे सूत्रं दिली. पहिला सामना अहमदाबादला गेला, दुसऱ्यात हैदराबादनं 277 ठोकल्या, आणि मामांनी पारावर बसून हार्दिकचा राजीनामा घेतला. हार्दिकला तेवढा तो कळला नाही.

मला मामांचं हे रोखठोक वागणं मनापासून आवडतं. दोन पराभवांत कर्णधार घालवायची भाषा करणाऱ्या याच गावात महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं गाव कर्णधाराविना खेळलं. सगळं मैदान प्रशासकाच्या हवाली. पारावर कुणी हूं की चूं केलं नाही. पण बुमराहला सोळावं षटक का दिलं नाही, याचा जाब आजच्या आज पाहिजे, आणि तोही लेखी.

दुसऱ्या आठवड्यात गुणतक्त्याचं वाचन सुरू होतं. “मामा, हे नेट रनरेट म्हणजे काय हो?”

“सोपं हाय बे. आपण षटकामागं किती काढल्या, समोरच्यानं किती काढल्या. वजाबाकी. आणि आपण पंधरा षटकांत गुंडाळलो तरी भागायचं विसानंच. तिथं सूट नाही.”

हे उणे प्रकरण पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सोलापूरकर ते पोटातूनच शिकून येतो. उजनीत पाणी मावतं साधारण 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृत साठ्यात धरलेलं. वरचा उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याखाली जाते, आणि खालच्या पाण्यावर गाव पुढचे महिने काढतं. 2024 च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. धरणात पाणी आहे आणि तरीही ते शून्यापेक्षा कमी आहे, ही गोष्ट ज्यानं चहाच्या घोटाबरोबर पचवली त्याला मुंबईचं उणे एक पॉइंट काहीतरी काय घाबरवणार? शिवाय उजनी आपल्या पावसावर भरतच नाही. पुणे जिल्ह्यातली धरणं भरायची, त्यांनी पाणी सोडायचं, मग दौंडचा विसर्ग किती हे आम्ही रोज सकाळी विचारायचं. मुंबईही एप्रिलच्या मध्यापासून तशीच, दुसऱ्यांच्या निकालांवर चालते. मामा त्या दिवसांत चेन्नईच्या सामन्यालाही दौंडचा विसर्ग म्हणतात.

समोरच्या दारात अक्का बसतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बाजूला कातरी, आणि तंबाखूच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. अक्का हैदराबादच्या. आमच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, त्यामुळे तिथं निष्ठा वगैरे जड शब्द लागत नाहीत; आपलं ते आपलं. हेडनं षटकार मारला तरी अक्कांची बोटं थांबत नाहीत. पान वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, विडी सुपात. टाइमआउट झाला की मात्र हात थांबतात, कारण जाहिरात तेवढी त्या नीट बघतात. किती षटकं झाली हे त्यांना पडद्यावर बघावं लागत नाही. विड्यांचा कट्टा किती भरला, यावरून सांगतात.

2025 मध्ये हैदराबादनं पहिल्याच सामन्यात राजस्थानला 286 हाणल्या. दुसऱ्या दिवशी पूर्व भागात तीनशेच्या खाली कुणी बोलायला तयार नव्हतं. “पुढच्या मॅचला तीनशे. त्याच्या पुढच्या मॅचला सव्वातीनशे,” एक पोरगा यंत्रमागाच्या खटखटाटात ओरडून सांगत होता. त्यानंतर हैदराबाद ओळीनं चार सामने हरली. चौथ्या पराभवाच्या दिवशी अक्का एवढंच म्हणाल्या, “पयल्या दिवशीच सगळा माल काढला, आता दुकानात काय ठेवणार?” दूरचित्रवाणीवर त्या रात्री पाच माजी खेळाडू अर्धा तास हेच सांगत होते, फक्त टाय लावून.

विजापूर रोडला गेलं की बेंगळुरू. ‘ई साला कप नमदे’ ही घोषणा तिथं इतकी वर्षं ऐकली की तो आशीर्वाद आहे की उखाणा, हे कळेनासं झालं होतं. मग 2025 च्या जूनमध्ये, अठराव्या हंगामात, त्यांनी खरंच कप जिंकला. या कन्नडभाषक मित्रांचं फार वाईट वाटतं. अठरा वर्षं एक दुःख जपलं होतं, ते एका रात्रीत गेलं. आता त्यांना हरल्यावर साधं, चारचौघांसारखं हरल्यासारखं वाटतं. तो रुबाब नाही.

भाकितांचं म्हणाल, तर सोलापुरात त्याची शिस्त फार जुनी आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होमविधीच्या रात्री भाकणूक होते. वासराला दिवसभर उपाशी ठेवतात, मग त्याच्यापुढं धान्य, गूळ, फळं वगैरे ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं, यावरून पाऊसपाण्याचं नि महागाईचं भाकीत सांगतात. वासरू वर्षातून एकदा बोलतं आणि गोठ्यात जातं. आपले क्रिकेटतज्ज्ञ तिसऱ्या सामन्यानंतर अंतिम चार संघ सांगतात, सहाव्यानंतर वेगळे चार सांगतात, आणि दोन्ही वेळा भरल्या पोटी.

मामांचा एक खराखुरा भाचाही आहे, न्यू जर्सीत. त्याला तिकडं बेसबॉलचं वेड लागलं आहे. आपली आयपीएल रंगात येते तेव्हाच त्यांचाही हंगाम सुरू होतो. मागं तो आला होता तेव्हा मामांना सांगत होता की तिथं प्रत्येक संघ 162 सामने खेळतो.

“एकशे बासष्ट? रोज मॅच की बे!”

“जवळजवळ रोजच. आणि मामा, 2019 मध्ये वॉशिंग्टनचा संघ पहिल्या पन्नासपैकी एकतीस हरला होता. लोकांनी मॅनेजरला हाकला म्हणून बोंब मारली. त्यांनीच ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली.”

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्याकडं फक्त चौदा. हा अन्याय हाय. एकशे बासष्ट असत्या तर मुंबईनं पन्नास देवाला सोडून दाखवल्या असत्या.” भाच्यानं मग 1987 च्या मिलवॉकीची गोष्ट काढली: पहिले तेरा सामने सलग जिंकले आणि शेवटी बाद फेरीही गाठली नाही. ही मामांनी खिडकीतून अक्कांना ओरडून सांगितली. अक्कांनी मोबाइलचा आवाज वाढवला.

मुंबई जिंकली त्या दिवशी घातलेला बनियन पुढच्या पराभवापर्यंत धुवायचा नाही, असा मामांचा नेम आहे. बेचाळीस अंश तापमानात हा नेम घरच्यांना जड जायला हवा. पण नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असल्यामुळे तो बनियन इतर कपड्यांत ओळखू येत नाही.

या सगळ्यात आपलं म्हणून काही आहे की नाही? आहे की. पॉली उम्रीगर सोलापूरचे, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, पार्क मैदानावर संध्याकाळी चकाट्या पिटणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हे सांगितलं की ते “खरं का?” म्हणतात आणि भेळ मागवतात. आपल्या जिल्ह्याच्या किरण नवगिरेनं ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत शतक ठोकलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं जगातलं सगळ्यात वेगवान. पारावर चर्चा झाली. जाहिरातीच्या वेळात आटोपली. अर्शिन कुलकर्णी मात्र मामांच्या फार जिव्हारी लागला. आपला सोलापूरचा पोरगा आयपीएलमध्ये पहिल्यांदा उतरला 30 एप्रिल 2024 ला, लखनौकडून, आणि समोर नेमकी मुंबई. पोरानं शंभर काढावेत आणि मुंबईही जिंकावी, यासाठी मामांनी त्या दिवशी दोन वेगळ्या देवांना दोन वेगळे नारळ बोलले. पहिल्याच चेंडूवर मुंबईच्या तुषारानं पोराला पायचीत केलं. मामा अर्धे उठले, मग बसले, टाळीसाठी उचललेले हात त्यांनी डोक्याला लावले. नंतर सामनाही लखनौनं जिंकला. दोन्ही नारळ वाचले.

एवढं होऊनही मामा पहिल्या पंधरवड्यात आशा सोडत नाहीत, त्याला कारण 2014. पहिले पाचही सामने हरलेली मुंबई शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानसमोर उभी, आणि 190 धावा 14.3 षटकांत करायच्या. तेवढ्या चेंडूंत धावसंख्या बरोबरीत अडकली. सगळे संपलं म्हणून उठले, तेवढ्यात नवं गणित आलं: पुढच्या चेंडूवर चौकार तरी पाहिजे. आदित्य तरेनं षटकार मारला. त्या रात्रीपासून मामांच्या खिशात कायम एक पेन असतं, आणि कारखान्याच्या चोपडीच्या मागच्या पानावर ‘गुजरात हरली तर’ असा मथळा.

परवा असंच शेवटचं षटक चालू होतं. सहा चेंडूंत अठरा. मामांचं पेन कागदावर. तेवढ्यात अक्का सूप बाजूला ठेवून ओरडल्या, “मामा, पाणी आलंय!” गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. व्होल्टेज पडलं, टीव्ही गेला, पंखा गेला. मामा लुंगी खोचून पाइप धरायला धावले. अर्ध्या तासानं मी गेलो तर ते गच्चीवर टाकीच्या झाकणावर बसले होते, नखशिखांत भिजलेले, त्याच बनियनवर.

“काय झालं हो मॅचचं?”

“काय की बे. टाकी फुल झाली. दोन पॉइंट लिही.”