विहिरीतली टोपी

घरोघरी असा एखादा फोटो असतो, ज्यात आपण नसतो आणि तरीही त्यातलं सगळं आपल्याला आठवतं. माझ्या थोरल्या काकाचं लग्न माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झालं. पण त्या मांडवातल्या गॅसबत्त्यांचा सूंऽऽ असा आवाज, ऐन पंगतीत संपलेला मठ्ठा, खांबाला टेकून रुसलेले व्याही, हे सगळं मी याच डोळ्यांनी पाहिलंय असं शपथेवर सांगेन. शपथ घ्यायला अजून कोणी बोलावलं नाही, हे बरंच आहे. लहानपणी ऐकलेलं आतल्या आत असं मुरत जातं की जुन्या लोणच्यातली मोहरी आणि कैरी जशी वेगळी काढता येऊ नये, तसं ऐकलेलं कुठलं आणि पाहिलेलं कुठलं ते पुढे निवडता येत नाही. निवडावं असं वाटतही नाही.

आमच्याकडे अल्बम उघडण्याचा मान आजीचा. जाड काळी पानं, प्रत्येक फोटोला चार चिकट कोपरे, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. तो उलटताना होणारी सळसळ म्हणजे नाटकाची तिसरी घंटा. एका फोटोत आजोबा उभे आहेत. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर संगमरवरी जिना, कारंजं आणि कुठल्याशा विलायती बागेतले हंस. पायाखाली मात्र आपली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. आजी त्यावर बोट ठेवून म्हणायची, "ह्याच दिवशी ह्यांची टोपी विहिरीत पडली." फोटोत टोपी डोक्यावर चांगली टेचात बसलेली. आम्ही ती दाखवली की आजी शांतपणे म्हणे, "ती दुसरी." आत्याच्या मते टोपी विहिरीत नव्हे, नदीत पडली, तरीतून जाताना. धाकटे आजोबा सांगत की पडलीबिडली नाही, वाऱ्यानं उडून म्हशीच्या शिंगात अडकली आणि ती म्हैस तशीच रुबाबात वेशीपर्यंत गेली. मला अर्थातच म्हैस आठवते. कॅमेऱ्याची साक्ष आमच्या घरात कोणी कधी ग्राह्य धरली नाही.

विवान सुंदरम यांची 'री-टेक ऑफ अमृता' ही छायाचित्रमालिका पाहताना मला आजी आठवते. ही सांगड दोघांनाही फारशी रुचली नसती. विवान म्हणजे चित्रकार अमृता शेरगिलचे भाचे, तिची धाकटी बहीण इंदिरा हिचे चिरंजीव. अमृता गेली 1941 च्या डिसेंबरात, लाहोरला, अवघी 28 वर्षांची असताना. विवान जन्मले 1943 मध्ये. म्हणजे मावशी त्यांच्या वाट्याला आली ती फोटोंतून, चित्रांतून आणि घरातल्या बोलण्यातून. पण फोटो थोडेथोडके नव्हते. आजोबा उमराव सिंग हे मजिठिया घराण्यातले सरदार, संस्कृत-फारसीचे पंडित, योगाभ्यासी आणि फोटोचे भयंकर नादी. बुडापेस्ट, पॅरिस, सिमला, जिथे बिऱ्हाड तिथे कॅमेरा. हंगेरीची गायिका असलेली बायको आरशापुढे, मुली नटूनथटून, आणि स्वतः सरदारसाहेब कधी पुस्तकात बुडालेले, तर कधी उघड्या अंगानं, लंगोट लावून, योगासनांनी कमावलेला देह कॅमेऱ्याला दाखवत. साठीकडे झुकलेला एवढा विद्वान गृहस्थ पॅरिसमध्ये इतक्या गांभीर्यानं आपल्याच दंडांकडे पाहतो, हे बघून मला त्या घराविषयी एकदम आपलेपणा वाटला.

घरात जो फोटो काढतो तो फोटोत नसतो, हा जगभरचा नियम. उमराव सिंगांनी तो मोडला खरा, पण त्यांचे कितीतरी फोटो एकट्याचेच. नातवानं 2001-02 मध्ये हे सगळे काळे-पांढरे फोटो संगणकावर घेतले आणि माणसं हलवायला सुरुवात केली. पॅरिसचे आजोबा उचलले आणि सिमल्याच्या अमृताशेजारी आणून उभे केले. एका शहरातल्या आरशात दुसऱ्या शहरातली माणसं डोकावू लागली. धाकटा बाप आणि थोरली झालेली लेक एका खोलीत आले, आणि त्यांच्या वयांचं गणित जुळवण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गंमत अशी की चित्रांखालच्या ओळीत कुठला तुकडा कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, याची प्रामाणिक नोंद असते. एवढा सचोटीचा थापाड्या आमच्या घराण्यात झाला नाही. आमच्याकडे नदी, विहीर आणि म्हैस बेमालूम एकत्र नांदतात.

कलेचे जाणकार या मालिकेविषयी पुष्कळ गहन बोलतात, आणि ते खरंही असेल. मला आपला एक साधा हिशेब दिसतो. उमराव सिंग 1954 मध्ये गेले. लेक गेल्यावरची तेरा वर्षं त्यांनी तिच्या फोटोंसोबत काढली. ती त्यांत पंचवीस-सत्तावीसचीच राहिली आणि हे म्हातारे होत गेले. ते गेले तेव्हा नातू अकरा वर्षांचा होता. या वयाची मुलं खेळतायत असं दिसतं, पण कान मोठ्यांच्या बोलण्याकडे असतात. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी त्यानं आजोबांना त्यांच्या मुलीजवळ नेऊन बसवलं. मालिकेत कारुण्य म्हणतात ते मला एवढंच सापडलं, आणि ते पुरेसं आहे.

हल्ली हे काम मोबाइलवर चुटकीसरशी होतं. मागे नात्यातल्या एका लग्नानंतर धाकट्या भाच्यानं पणजोबांना जुन्या फोटोतून सोडवून वधूवरांच्या शेजारी, सोफ्यावर, पंख्याखाली बसवलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. आत्यानं चष्मा वर-खाली करून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "छे रे! दादा लग्नात असे ऐसपैस बसले होते कधी? ते पंगतीत वाढत असायचे." भाच्यानं निमूटपणे त्यांना तिथून उठवलं आणि जेवणाच्या हॉलमधे, बुफेच्या टेबलापाशी नेऊन उभं केलं. आत्याचं अजून समाधान नाही. हातात तुपाची तामली हवी, म्हणते, आणि बुंदीच्या दुसऱ्या फेरीला कोणाच्याही पानावर आडवा हात दिसता कामा नये.