घरबसल्या व्हा थोर आर्किटेक्ट

आधुनिक वास्तुकलेत नाव काढायचं ठरवलंत, अभिनंदन! इमारत बांधता येते की नाही याचा घोर लावून घेऊ नका. ते गवंडी बघून घेईल. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. जिन्याला कठडा नाही. दिसायला बरा दिसत नव्हता, म्हणून काढलाय.

१. नाव बदला. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळवाल्यांच्या गावचा शार्ल-एदुआर झानरे १९२० मध्ये ‘ले कॉर्बुझिए’ झाला. आखेनच्या पाथरवटाचा मुलगा लुडविग मीस. त्यानं आईकडचं ‘रोह’ घेतलं, मध्ये ‘व्हॅन डेर’ घातलं आणि खानदानी होऊन बसला. आर्किटेक्चरची पदवी दोघांकडेही नव्हती. तुम्हाला मात्र लागेल. आपल्याकडे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे. सोसा.

२. घराआधी सिद्धांत बांधा. १९२३ च्या पुस्तकात ले कॉर्बुझिएनं ग्रीक देवळांशेजारी मोटारींचे फोटो छापले आणि घर म्हणजे राहायचं यंत्र, असं ठरवून टाकलं. हे घोटून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. घर बिघडलं की मालक आर्किटेक्टला शोधतो. यंत्र बिघडलं की मेकॅनिकला.

३. नक्षीला गुन्हेगार ठरवा. हे काम व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसनं आधीच करून ठेवलंय. त्यानं थेट राजवाड्यासमोर सपाट भिंतींची इमारत उभी केली, तेव्हा लोकांनी ‘बिनभुवयांचं घर’ म्हणून तिला हिणवलं. शेवटी खिडक्यांखाली फुलझाडं लावून समेट झाला. खालच्या मजल्यांना शिरा उठलेला भारी संगमरवर होता, पण ती नक्षी नव्हे. निसर्गानं काढलेली नक्षी वेगळ्या खात्यात जाते.

४. छप्पर सपाट ठेवा. इथे जरा थांबू, कारण बरेच नवशिके इथेच कच खातात. उतरत्या छपरावरून पाणी वाहून जातं हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं, आणि जे शेतकऱ्याला कळतं त्यावर सिद्धांत काय मांडणार? १९२८ ते १९३१ या काळात पॅरिसजवळच्या प्वासी गावात ले कॉर्बुझिएनं सावॉय कुटुंबासाठी व्हिला बांधली. सडपातळ खांबांवर पांढरी पेटी, वर बगीच्याची गच्ची. तळमजल्याची काचेची भिंत मोटार जेवढी वळते तेवढ्या वळणानं आखलेली. मोटारीची उत्तम सोय झाली. माणसांच्या डोक्यावर मात्र हॉलमध्ये गळायचं, रॅम्पवर गळायचं, न्हाणीघरातही गळायचं. बाईसाहेब वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिल्या आणि १९३७ मध्ये त्यांनी हे घर राहण्याजोगं करून द्या, असं निक्षून सांगितलं.

असं पत्र आलं तर धीर सोडू नका. खालच्या हॉलमध्ये एक वही ठेवा, पाहुण्यांची नावं-पत्ते लिहून घ्या, बघा केवढ्या सह्या जमतील, असा सल्ला गुरुवर्यांनीच मालकांना दिला होता. (वही कोरड्या कोपऱ्यात ठेवा.) पुढे महायुद्ध आलं, कुटुंब निघून गेलं, नंतर शाळेसाठी ही वास्तू पाडायचंही घाटत होतं. २०१६ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तेव्हा गळती काढू नका, कळ काढा. वारसास्थळाच्या गळतीला संवर्धनाचा प्रश्न म्हणतात.

मुंबई-कोकणात काम करणार असाल तर एक जादा सूचना: फोटो ताबा देण्याआधी काढून घ्या. दोन-चार पावसाळ्यांनंतर सोसायटी तुमच्या सपाट गच्चीवर पत्र्याची उतरती शेड चढवेल.

५. प्रामाणिक दिसा. आतला सांगाडा बाहेरून दिसला पाहिजे, हा आधुनिकांचा बाणा. १९५८ च्या न्यूयॉर्कमधल्या सीग्राम बिल्डिंगमध्ये अडचण अशी झाली, की आगीच्या नियमांमुळे पोलादी खांब काँक्रीटमध्ये गाडावे लागले. मग मीसनं बाहेरून ब्राँझच्या उभ्या आय-पट्ट्या लावल्या. इमारतीचा भार त्या घेत नाहीत. आत पोलाद आहे, असं फक्त सुचवतात. नक्षी म्हणता? पायरी ३ पुन्हा वाचा. भाडेकरूंनी पडदे कसेही ओढून दर्शनी भाग विस्कटू नये, म्हणून ते तीनच जागी थांबतील अशी व्यवस्था केली: उघडे, अर्धे, बंद. उन्हाची तिरीप पाऊण पडद्याची असेल तर तिनं जुळवून घ्यावं.

६. शहर पाडा. निदान कागदावर. १९२५ मध्ये ले कॉर्बुझिएनं एका मोटार-विमान कारखानदाराच्या पैशानं योजना मांडली: पॅरिसच्या मधोमधचा मोठा भाग सपाट करायचा आणि तिथे १८ एकसारखे मनोरे उभे करायचे. पॅरिसनं ऐकलं नाही. तुमचंही कुणी ऐकणार नाही. २५-३० वर्षं वाट बघा; कुठेतरी नवा देश जन्माला येतो आणि त्यातल्या एखाद्या राज्याला राजधानी हवी असते. १९५१ मध्ये चंदीगढ असंच हाती आलं. मापांसाठी ले कॉर्बुझिएकडे एक आदर्श पुरुष होता. आधी त्याची उंची १७५ सेंटिमीटर होती; पण इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात, म्हणून ती १८३ झाली. तुम्ही पाच फूट दोन इंच असाल तर सिद्धांतात काही चुकलेलं नाही, तुम्ही कमी पडलात.

७. इतिहासकार जोडून ठेवा. सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीत ११ मजल्यांच्या ३३ इमारती होत्या. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची, म्हणजे लोक जिन्यात, गॅलरीत भेटतील. भेटले, त्यात लुटारूही होते. बांधकामाला सरकारचा पैसा होता, देखभाल मात्र गरीब भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. ती व्हायची तशीच झाली आणि १९७२ मध्ये पाडकाम निघालं. इतिहासकार चार्ल्स जेंक्सनं १९७७ मध्ये आधुनिक वास्तुकलेची मृत्युवेळ जाहीर केली: १५ जुलै १९७२, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटं. सुरुंग मार्चमध्येच लागले होते, पण जुलैची दुपार ठसठशीत वाटते. भाड्याच्या हिशोबाला असली वेळ नसते, म्हणून तो मागे पडतो.

८. स्वतः कुठे राहायचं? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, तरी सांगतो. शिकागोत तळ्याकाठी मीसचे काचेचे दोन मनोरे १९५१ मध्ये उभे राहिले. तो स्वतः तिथून जवळच एका जुन्या, जाड भिंतींच्या इमारतीत मरेपर्यंत भाड्यानं राहिला. लिफ्टमध्ये भाडेकरू तक्रारी घेऊन गाठतील, याची धास्ती होती म्हणे.