अस्मिता छापून मिळेल

सदर लिहिणाऱ्या माणसाच्या हाती देश देऊ नये, हे मी सदर लिहिणारा माणूस म्हणूनच सांगतो. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये सार्वमताची तारीख जाहीर झाली. प्रश्न एका ओळीचा होता: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? लंडनचे तेव्हाचे महापौर आणि नावाजलेले सदरलेखक बोरिस जॉन्सन यांनी त्यावर दोन लेख लिहिले. एकात बाहेर पडणंच कसं देशहिताचं आहे ते होतं, दुसऱ्यात आत राहणंच कसं शहाणपणाचं आहे ते. मग त्यांनी बाहेर पडायचा लेख छापायला दिला. विचार स्पष्ट व्हावेत म्हणून दुसरा लिहिला होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. त्यांचे झालेही असतील. देशाचे व्हायचे राहिले. आम्हाला एका विषयावर एक लेख लिहिताना घाम फुटतो आणि मानधन आलंच तर एकाचंच येतं. जॉन्सनसाहेबांना मात्र तीन वर्षांनी पंतप्रधानपद मिळालं.

अर्थात हा घाट जॉन्सन यांनी घातला नव्हता. तो घातला तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी. हुजूर पक्षात युरोपवरून पिढ्यानपिढ्या भाऊबंदकी चालू होती. ती एकदाची मिटावी म्हणून कॅमेरून यांनी २०१३ मध्ये सार्वमताचा शब्द देऊन टाकला. पक्षातलं भांडण मिटवायला अख्ख्या देशाला भांडायला लावायचं, अशी ती युक्ती. २३ जून २०१६ ला मतदान झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. जुलैत एकदा पत्रकारांसमोर निवेदन करून ते घरात शिरले तेव्हा कोटावरचा माईक चालूच होता, आणि गृहस्थ मजेत गुणगुणत होते. पुढे पंचवीस हजार पौंडांची, मेंढपाळ वापरत तसली चाकांवरची खोली विकत घेऊन तिच्यात बसून त्यांनी आठवणी लिहिल्या. देश पेटवून झाल्यावर लेखनाला शांतता लागते.

राजीनामा कधी द्यावा, याचं एक उदाहरण आपल्या शेजारी पडून आहे, पण ते लंडनला कोण कळवणार? गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी. सत्तेत राहून कौल घेतला तर लोक बोट दाखवतील, म्हणून त्यांनी आधीच राजीनामा दिला. कौल विरोधात गेला, चौतीस हजार मतांनी. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत गोवेकरांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं! मत विषयाला दिलं होतं, माणसाला वेगळं दिलं. दोन पानांवर शिक्का मारला तर उद्या काय असेल आणि फुलावर मारला तर काय, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. (विलीनीकरणाविरुद्धची मोठी लढाई ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकानं लढवली आणि तिच्यातलं धारदार शस्त्र होतं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. महाराष्ट्राला मराठीतून नकार! सदरवाल्यांपासून जपून राहा म्हणतो ते उगीच नाही. पण भेंब्रे यांनी विलीनीकरणाच्या बाजूचा दुसरा लेख टेबलाच्या खणात ठेवल्याचं कुणी ऐकलेलं नाही.)

ब्रिटनमध्ये मात्र ‘बाहेर’ म्हणजे कुठं, हेच ठरलेलं नव्हतं. अंगणापर्यंत, की गावाच्या वेशीबाहेर? युरोपच्या बाजारपेठेत राहायचं का? जकातीचं काय? दर आठवड्याला पस्तीस कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या दवाखान्यांना देऊ, असं सुचवणारी लाल बस गावोगाव फिरली होती. आकडा ही लोणकढी थाप होती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानंच त्याला आक्षेप घेतला. पण प्राधिकरणाला बस नव्हती. निकालानंतर थेरेसा मेबाई पंतप्रधानपदी आल्या आणि ‘बाहेर पडणं म्हणजे बाहेर पडणं’ अशी व्याख्या करून त्यांनी कामाला सुरुवात केली. तिथून जे व्हायचं ते झालं. त्यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी उडवला. मग दुसऱ्यांदा उडवला. मग तिसऱ्यांदा. मधल्या काळात करार न होताच बाहेर पडावं लागलं तर समुद्रापलीकडून माल कसा आणायचा, या चिंतेनं सरकारनं एका कंपनीला जवळजवळ एक कोटी चाळीस लाख पौंडांचं फेरीबोटींचं कंत्राट दिलं. कंपनीकडे एकही बोट नव्हती. तिच्या संकेतस्थळावरच्या अटी वाचल्यावर त्या घरपोच खाणं पोचवणाऱ्या कुणाच्या तरी उचलल्यासारख्या दिसत होत्या. एके काळी लाटांवर राज्य करणाऱ्या देशाची ही गोष्ट. आणि वाटाघाटींचं खातं काही महिने सांभाळलेल्या डॉमिनिक राब यांनी त्याच सुमारास कबूल केलं की, आपला व्यापार डोव्हर-कॅले मार्गावर इतका अवलंबून आहे, हे आपल्या पुरतं लक्षात आलं नव्हतं. नकाशा बहुधा युरोपीय बनावटीचा असेल.

धोरण जमत नसलं की अस्मिता काढावी. ती स्वस्त पडते. पासपोर्टचंच घ्या. युरोपात गेल्यावर ब्रिटनचा पूर्वीचा निळा पासपोर्ट जाऊन लालसर आला होता. २०१७ च्या डिसेंबरात सरकारनं घोषणा केली की, निळा परत येणार. लोक हेलावले. आता गंमत अशी की, पासपोर्ट लालच हवा अशी सक्ती युरोपीय संघानं कधी केलीच नव्हती. क्रोएशिया संघात राहून निळा वापरतो. पण बाहेर पडल्याशिवाय निळ्या रंगाला तेज येत नसावं. मग निविदा निघाल्या. पासपोर्ट छापणारी जुनी ब्रिटिश कंपनी मागे पडली आणि काम एका फ्रेंच-डच कंपनीला मिळालं. युरोपपासून मिळवलेल्या स्वातंत्र्याच्या कोऱ्या पुस्तिका पोलंडमधल्या त्चेव या गावी तयार होऊ लागल्या. कारण दर कमी होता. हा निळा पासपोर्ट घेऊन इंग्रज साहेब आता पॅरिसला उतरला की ‘इतर देश’ या रांगेत येतो. त्या रांगेशी आपली ओळख जुनी. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, दर एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांची मर्यादा, हे सगळं साहेबाला समजावून सांगायला पुढेमागे एखादा सहलकर्ता मराठी काका भेटतोच.

प्रत्यक्ष बाहेर पडण्याचा क्षण होता ३१ जानेवारी २०२०, रात्री अकरा वाजता. अकरा का? कारण तेव्हा ब्रसेल्समध्ये बारा वाजतात. वेगळी चूल मांडणाऱ्या भावानं मुहूर्त मात्र थोरल्याच्या पंचांगातून काढावा, तसं झालं. या क्षणी बिग बेन वाजावी अशी अनेकांची इच्छा होती, पण घड्याळाची दुरुस्ती चालू होती आणि तेवढ्यापुरती घंटा वाजवायचा खर्च पाच लाख पौंड निघाला. जॉन्सन यांनी वर्गणीची हाक दिली. लोकांनी अडीच लाखांवर पौंड दिलेसुद्धा. ते शेवटी माजी सैनिकांच्या संस्थेला गेले आणि पंतप्रधानांच्या दारात ध्वनिमुद्रित टोल वाजवण्यात आले. साडेतीन वर्षांच्या मारामारीनंतर हाती आली घंटा, तीही रेकॉर्ड केलेली.

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे ठरवायला निघालेल्या देशाला मग कळलं की, आम्ही पुष्कळ आहोत आणि आमचं एकमेकांशी पटत नाही. स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं. त्या बिचाऱ्यांना २०१४ च्या त्यांच्या स्वतःच्या सार्वमतात सांगितलं होतं की, ब्रिटनमधून फुटलात तर युरोपातून बाहेर फेकले जाल. ते फुटले नाहीत आणि फेकले गेले. उत्तर आयर्लंडचं दुखणं त्याहून अवघड. तिथं आयर्लंडच्या सीमेवर चौक्या उभ्या केल्या तर १९९८ च्या करारानं महत्प्रयासानं आणलेली शांतता धोक्यात, आणि नाही केल्या तर जकात तपासायची कुठं? तेव्हा तपासणी समुद्रात ढकलली. म्हणजे ब्रिटनचा माल ब्रिटनमध्ये नेताना कागद. जॉन्सन यांनी तिथल्या व्यापाऱ्यांना सांगितलं होतं, असला फॉर्म कुणी मागितला तर टाका कचऱ्याच्या डब्यात. डबे भरले असतील, फॉर्म काही संपले नाहीत. २०२१ मध्ये तर इंग्लंडचे सॉसेज बेलफास्टला जाऊ द्यायचे की नाही, यावर दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी भिडले होते. आपण ब्रिटिशच, या एका भावनेवर जगणाऱ्या तिथल्या युनियनवादी पक्षानं बाहेर पडायचा सर्वांत मोठा आग्रह धरला होता. त्यांच्या पदरात पडली ती ब्रिटनच्याच बाजूची सीमा.

पण खरी मौज स्थलांतरितांची. सार्वमताच्या तोंडावर वर्षाला तीन लाख तेहतीस हजार निव्वळ स्थलांतर, असा आकडा आला होता आणि तो दाखवून लोकांना घाबरवलं गेलं. पोलिश सुतार नको, रुमानियन मजूर नको. त्या वेळी मंत्री असलेल्या प्रीती पटेल करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगत होत्या की, युरोपियनांची रीघ थांबली की तुमच्या स्वयंपाक्यांना वाट मिळेल. रीघ थांबली. २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं. नवे लोक आले भारतातून, नायजेरियातून. विद्यार्थी म्हणून, वृद्धांची सेवा करायला. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं राहायची सवलत २०२१ पासून मिळू लागली, तसे कोथरूडचे आईवडील कर्जाचे कागद घेऊन बँकेत हजर. पोलिश गेले, पुणेकर आले. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, त्यांना या भरतीचं कौतुक नसेल. पण ज्या मतदारानं पोलिश शेजाऱ्याच्या मोठ्या आवाजाला कंटाळून शिक्का मारला, त्याला आता दुपारी एक ते चारच्या शांततेचे नियम समजावून देणारा शेजारी मिळाला आहे.

आणि स्विंडन! या गावानं जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला. तिथल्या ‘पोर्तुगीज’ वस्तीतला मोठा भाग मुळात सासष्टी-बारदेशातला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. मग भारतीय पासपोर्ट सोडायचा, पोर्तुगीज घ्यायचा, आणि लिस्बनकडे पाठ फिरवून थेट स्विंडन किंवा साउथॉल गाठायचं. पोर्तुगीज भाषेचा गंध नाही. घरी कोंकणी, गोदामात इंग्रजी. स्विंडनच्या मतदाराला नको होता तो युरोपियन मडगावचा निघाला. २०२१ पासून ही वाट बंद झाली. आधी पोचलेल्यांना तिथंच राहायचा अर्ज ३० जून २०२१ पर्यंत करावा लागला. कागदांवर गावाचं नाव, जन्म साल आणि देश भरताना त्यांची जी त्रेधा उडाली असेल, तिच्यापुढे ब्रिटनची ओळखीची शोधाशोध म्हणजे पोरखेळ.

या सगळ्यात पंतप्रधान किती झाले? २०१६ ते २०२४, सहा. त्यातल्या लिझ ट्रस तर ४९ दिवसांत गेल्या. एका वृत्तपत्रानं त्या आधी जातात की लेट्यूसचा गड्डा आधी सडतो, अशी पैज लावली आणि गड्डा जिंकला. युरोपच्या संसदेत वीस वर्षं पगार घेऊन युरोपला शिव्या घालणारे नायजेल फराज ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत सात वेळा पडले होते. २०२४ मध्ये आठव्या वेळी ते निवडून आले.

अस्मितेचा शेवटचा मोठा प्रयोग झाला वजनमापांचा. किलो-ग्रॅम हे परक्यांचं, पौंड-औंस आपले, ते परत आणू, म्हणून जॉन्सन सरकारनं २०२२ मध्ये जनतेचं मत मागवलं. (आपण शेर-पायलीला १९५६ च्या कायद्यानं रामराम ठोकला तेव्हा कुणाचा देश बुडाला नाही.) यावेळी सरकार सावध होतं. जुन्या मापात माल घ्यायला आवडेल का, की जुनं माप आणि शेजारी किलो असा आवडेल, एवढेच दोन पर्याय ठेवले. नुसतं किलोच बरं, हा पर्यायच दिला नाही. एक लाखावर लोकांनी उत्तरं पाठवली. त्यातल्या ९८.७ टक्क्यांनी, पर्याय नसताना, किलोच्या बाजूनं कौल दिला. सरकारनं बेत गुंडाळला आणि लोकांना काहीच दिलं नाही असं व्हायला नको म्हणून पाइंटाच्या, म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या बाटलीत वाइन विकायला परवानगी दिली. बाटलीचं माप सरकारी पत्रकात मिलिलिटरमध्येच सांगावं लागलं.