फाउंडेशनवाले काकाजी

नागपुरातल्या प्रत्येक ले-आउटमध्ये एक काकाजी असतातच. वीज मंडळ, पाटबंधारे, आयुधनिर्माणी किंवा वेकोलि, कुठून तरी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्रिमूर्तीनगर असो की मानेवाडा, त्यांच्या फाटकाआड एमएच-३१ पाटीची मारुती ८०० उभी असते. रविवारी तर्री-पोहे आटोपले की तिच्या बोनेटखाली चटई अंथरली जाते. चटईवर फक्त दोन पाय दिसले, की काकाजी घरी आहेत असे समजावे.

सध्या फाउंडेशनचे काम निघाले आहे. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते लोखंडात चिकटवलेल्या रबराचे ठोकळे. ते गेले की सिग्नलला गाडी उभी असताना गिअरचा दांडा थरथरतो, क्लच सोडताना पुढून धप् असा आवाज येतो आणि आरशात मागची बस दोनदोन दिसते. काकू ही तक्रार वर्षभरापासून करत होत्या. काकाजींनी ती ऐकली नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतः बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाण्यावरच्या लाटा पाहिल्या आणि दोष सापडल्याचे जाहीर केले.

शेजारचा पोरगा शिडी मागायला आला तर विचारून फसला.

"काकाजी, काय करून राहिले?"

"फाउंडेशन बदलवून राहिलो. बस इथं. सिलिंडर किती हिले?"

तीन, हे त्या बिचाऱ्याला माहीत होते. एवढे पुरे झाले. ७९६ सीसीचे इंजिन, उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला २० स्फोट; त्यात तीन सिलिंडरच्या इंजिनाला मुळातच या टोकाकडून त्या टोकाकडे डोलायची खोड. हे सगळे डोलणे रबराने पोटात घालायचे. रबराचे वैरी दोन, तेल आणि ऊन. तेल इंजिनातून गळते आणि ऊन नागपूर पुरवते; मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की बोनेटखाली काय होत असेल, ते काकाजी हातवारे करून सांगतात. तिथून गाडी थेट अमेरिकेत जाते. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर बसवले आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' असे नाव दिले. पुढे फ्रान्सच्या सित्रोएनने त्याचा परवाना घेतला आणि जाहिरातीसाठी पोहणारा हंस निवडला. हंसापर्यंत पोचेपर्यंत शिडी कोणाला हवी होती हे दोघेही विसरलेले असतात.

ही माहिती खरी असते, हीच पंचाईत. काकाजींना थापाड्या म्हणता येत नाही.

हातही कच्चा नाही. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली घुसणाऱ्याला ते मूर्खात काढतात. गाडीखाली आधी दोन स्टँड लागतात. इंजिन तोलून धरायला जॅक लावताना मध्ये लाकडी फळी घालतात, कारण तेलाची टाकी पातळ पत्र्याची, जॅकचे डोके सरळ टेकले तर पोचा पडतो. फळी घरच्या दिवाणाची आहे. दिवाणाला आता विटा लावल्या आहेत. एका वेळी एकच फाउंडेशन काढायचे, नवीन बसवून बोल्ट सैल ठेवायचे, सगळी झाली की इंजिन जरा हलवून आपल्या जागी बसू द्यायचे आणि मगच आवळायचे. घाईत आवळले तर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. गॅरेजवाला असे करत नाही, असा काकाजींचा दावा आहे. ते कुठल्याच गॅरेजात थांबून पाहत नसल्यामुळे दाव्याला बाध येत नाही.

मागचा एक बोल्ट मात्र गंजून बसला होता. रविवारी रॅचेट लावले, हलला नाही. रॉकेल सोडले. सोमवारी दांड्यात नळाचा पाइप अडकवून लांबी वाढवली. पाना सटकला, बोटांची साले निघाली. काकूंनी हळद लावता लावता कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचे नाव काढले.

"त्याले काय समजते? तो छिन्नीनं तोडून टाकीन."

मंगळवारी बोल्ट 'कट्' करून सुटला. आतून आवाज आला, "हौ ना!" काकाजी बाहेर आले आणि तो बोल्ट त्यांनी आल्यागेल्याला दाखवला. आटे शाबूत होते, हे विशेष.

या शहराची एक गंमत काकाजी कधी सोडत नाहीत. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण २०२१ साली आले ते नितीन गडकरींच्या खात्याचे, आणि गडकरी नागपूरचेच खासदार. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले. काकाजींनी ते निमूट भरले. "मंत्री आपले आहेत, गाडीही आपलीच आहे," असा त्यांचा तोडगा. मत कोणाला देतात ते काकूंनाही ठाऊक नाही.

खरी अडचण दुकानात आली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ग्राहकाला चावी मिळाली तेव्हापासून निघणारी ही गाडी जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली.  काउंटरवरच्या पोराने ओरिजिनल एकच आहे, बाकी लोकल घ्या म्हणून सांगितले. काकाजींनी लोकल रबरात नख रुतवून पाहिले, नखच वाकले. तरी घेतले.

म्हणून गाडी सुरू झाली तेव्हा धप् आवाज गेला, पण थरथर पूर्वीपेक्षा वाढली. कडक रबर ठोका पोटात घालत नाही, सरळ पत्र्याकडे पाठवून देते. आता तर मागची खिडकीही वाजू लागली. काकाजींनी पेला बोनेटवरून उचलून घरात नेऊन ठेवला.

"रबर नवं आहे. पाचशे किलोमीटर चाललं की बसते."

कडक रबर चालवून फारसे नरम होत नाही, हे त्यांना चांगले माहीत असणार. काकूंनी मात्र ते वाक्य पकडले. त्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला: रामटेक येऊन-जाऊन शंभर, मग आदासा, धापेवाडा, अंभोरा, कमी पडले तर माहेरी वर्धा. वर्षानुवर्षे ही गाडी काकूंना घेऊन भाजीबाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. पहिल्या फेरीत रामटेकच्या रस्त्यावर काकाजींनी विचारले, फरक वाटते का?

"लय वाटते," काकू म्हणाल्या आणि वाजणारी काच हाताने दाबून धरली. "आता परत फाउंडेशन कधी बदलवता?"