आधी नीट तयारी

पोहायला शिकायचं, हे मी पन्नाशीच्या आत ठरवलं होतं. पन्नाशी झाली, ठराव कायम राहिला. तयारीत मात्र कसूर नाही. चष्मा आणला, टोपी आणली. यूट्यूब बघून पलंगावर पालथं पडून बेडकासारखे पाय मारले. बायको म्हणाली, "पोहा खुशाल, पण पाय धुऊन. चादर मला धुवावी लागते."

गावाकडं एवढे लाड नव्हते. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, आणि थोरल्या कुणीतरी विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं. पोराच्या मनाची तयारी झालीय का, हे विचारायची पद्धत नव्हती. मला मात्र मे महिन्यात तिथं गेलं की नेमकं गळू व्हायचं.

वाचनही दांडगं केलं. आरती साहांना १९५९ साली इंग्लिश खाडी पहिल्या प्रयत्नात साधली नाही. त्याच वर्षी पुन्हा उतरल्या आणि खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरल्या. हे मी ऑफिसात इतकं रंगवून सांगितलं, की काही जण माझ्याच दंडांकडे बघू लागले. सांगण्यातली गंमत हीच. काम झाल्यासारखं वाटतं आणि वर भूकही लागते.

शेवटी फी भरली. 'परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलेलं होतं, म्हणून गेलोही. शिकाऊ बॅचला सगळी पहिली-दुसरीतली पोरं. मी काठावर पाण्याचा अंदाज घेत उभा. साडेतीन फूट अशी पाटी समोर असताना अंदाज कसला घेत होतो, देव जाणे! सर म्हणाले, "छातीत हवा भरून अंग सैल सोडा काका, माणूस तरंगतोच." आर्किमिडीजवर माझा विश्वास आहे, पण त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात मागून पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "काका, मारताय का उडी? नाहीतर सरका ना, माझा नंबर आहे."

मारली. सूर वगैरे नव्हे, सपशेल पोटावर. चष्मा कपाळावर, टोपी पलीकडच्या काठाला, क्लोरीन थेट मेंदूत. वर आलो तेव्हा सर आपले शांतपणे शिट्टी पुसत होते.

आता मी तलाव आडवा पार करतो. उभा करायचा तर खोल भाग लागतो. काल तिथवर गेलो, काठाकाठानं. भिंतीवर सूचनाफलक आहे, तो सावकाश वाचून काढला. चौथं कलम जरा मोघम वाटतंय. सरांना एकदा विचारून घेतो म्हणतो.