लोगोला वकील, चपलेला टाळ्या

कोल्हापूरचा माणूस कुणाला भीत नाही, अशी ख्याती आहे. पण समजा, मंगळवार पेठेतल्या एखाद्या पोरानं नव्या मोबाईलबद्दल चार परखड ओळी लिहिल्या, वर कंपनीचा लोगो आणि ॲपचा स्क्रीनशॉट चिकटवला, आणि कट्ट्यावर कुणी नुसतं पुटपुटलं, "भावा, नोटीस येईल की!" तर मजकूर रात्रीत गायब होतो. गल्लीच्या तोंडाशी त्याचाच वीस फुटी फ्लेक्स बिनपरवाना लागलेला असतो, पण त्याची कुणाला धास्ती नसते.

खरं तर कायदा या पोराच्या बाजूनं बराच आहे. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 52 टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराला मोकळीक देतं. स्क्रीनशॉट बहुतेक वेळा त्यात बसतो, फक्त आपल्याला बोलायचं आहे तेवढाच तुकडा घ्यावा. ट्रेडमार्क कायदा 1999 चं कलम 30 प्रामाणिक वापर चालवून घेतं. ज्या कंपनीबद्दल लिहायचं तिची ओळख पटवायला लोगो लावला, तर ती चोरी नव्हे. तोच लोगो स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर लावून "आम्ही त्यांचेच" असा आव आणला, तर मात्र वकील शोधावा.

टाटांनी हे न्यायालयात अजमावून पाहिलं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळं कासवांवर गदा येईल, म्हणून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं 2010 मध्ये एक संगणकीय खेळ काढला. त्यात कासवांच्या मागं लागलेले राक्षस म्हणजे चक्क टाटांचा लोगो. टाटांनी दहा कोटींचा दावा ठोकला. जानेवारी 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खेळावर मनाई हुकूम द्यायला नकार दिला. टीकेसाठी, विडंबनासाठी लोगो वापरला म्हणून लगेच तोंड बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ. दहा कोटींच्या मानानं कासवांनी बरीच मजल मारली.

आता याची दुसरी बाजू. लोगो न वापरता काय काय करता येतं, ते जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर दिसलं. प्राडा या फॅशन कंपनीचे मॉडेल चालत आले, पायात अंगठ्याची, वेणी घातलेल्या पट्ट्याची सपाट चामडी चप्पल. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या कुठल्याही दुकानदारानं डोळे मिटून ओळखली असती. प्राडानं मात्र तिला नुसतं 'चामडी सँडल' म्हटलं. जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं कोल्हापूरचं नाव घ्यायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं.

आणि गंमत अशी, की कायद्याच्या दृष्टीनं तेच शहाणपणाचं होतं! कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. हे मानांकन राखतं ते नाव. नाव लावून बाहेरची चप्पल विकली, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नाव न लावता कान, पट्टा, वेणी सगळं उचललं, तर तिला प्रेरणा म्हणतात. बोंब झाल्यावर प्राडानं पत्र लिहून ही प्रेरणा कबूलही केली.

सहा वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये न्यायालयानं विचारलं, मानांकनाचे मालक तुम्ही का? मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ही दोन सरकारी महामंडळं. वकिलांच्या पायात कोल्हापुरी असली, तरी हातात नोंदणीचा कागद नव्हता. याचिका फेटाळली गेली. बाभळीची साल आणि हिरड्यात चामडं कमावून, खिळा न ठोकता चामड्याच्या वादीनं शिवणारा कारागीर या सगळ्यात कुठं होता? बातमीतल्या फोटोत.

डिसेंबरात समेट झाला. प्राडा आणि दोन्ही महामंडळांचा करार झाला, दोन हजार जोड इथंच बनवायचे ठरले, किंमत जोडाला सुमारे 800 युरो. ज्या गावात हजार-बाराशेच्या जोडासाठी "शंभर कमी करा की" म्हणून गिऱ्हाईक दोनदा पायरी उतरतं, तिथं हा आकडा ऐकून नाद खुळा झाला नसता तरच नवल.

मात्र प्राडाला शिव्या घालणाऱ्यांनी आपल्याकडंही बघावं. पुण्या-मुंबईच्या पदपथावर रेक्झिनची, खिळे ठोकलेली चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खुशाल विकली जाते. गुन्हा आहे तो हाच, नाव वापरण्याचा. त्यावर मोर्चा नाही, पत्रक नाही. विकणारा मिलानचा नाही ना!

लिहिणाऱ्या पोरांनी एवढं करावं: लोगो लागेल तेवढाच वापरावा, स्क्रीनशॉटवर तारीख ठेवावी, त्यातला दुसऱ्याचा फोन नंबर झाकावा, आणि लिहिलेलं खोडू नये. चपलेच्या मालकांसाठी सोय त्याहून मोठी झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, मानांकनातले महाराष्ट्राचे चारही जिल्हे त्याच्याच हद्दीत येतात, आणि भाऊसिंगजी रोडवरची ती इमारत चप्पल लाईनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.